एका पानाचा नेचा

मुरमावर गुडघे टेकून बसलं की पहिलं मिनिटभर काहीच दिसत नाही. गवताची कोवळी पाती, रात्रीच्या पावसानं धुऊन निघालेले खडे, मुंग्यांची एक रांग आणि मधूनच लगबगीनं जाणारा लाल मखमली मृगाचा किडा. मग डोळा सरावतो आणि लक्षात येतं की या पात्यांमध्ये एक पान गवताचं नाही. ते जरा रुंद आहे, जाडसर आहे, दोन्ही टोकांना निमुळतं आणि माझ्या करंगळीएवढं. मधोमध एक फिकट पट्टा आहे. त्याच पानाच्या बुडातून एक सरळ हिरवी काडी वर गेलेली आहे आणि काडीच्या शेंड्याला बारीक दाण्यांची दुहेरी ओळ आहे. एक मिळालं की मग आजूबाजूला दुसरं दिसतं, तिसरं दिसतं. दहा मिनिटांत हातभर जागेत मी अठरा मोजली.

वारज्याच्या टेकडीवर जुलैत मी ज्या उतारावर जाऊन बसतो, तिथून खाली महामार्गावरच्या ट्रकांची घरघर ऐकू येते. ढग उचलले तर मुठेच्या पलीकडे सिंहगड दिसतो. त्या दिवशी एक मावशी टाकळ्याची कोवळी पानं खुडत माझ्याजवळून चालल्या होत्या. त्यांना मी ते पान दाखवलं आणि नाव विचारलं. त्यांनी वाकून नीट पाहिलं. "ह्याला काय नाव असतंय? खायाच्या उपेगाचं न्हाई, औषधाचं बी ठावं न्हाई. पावसात येतंय आन् पावसातच जातंय," असं म्हणून त्या पुढे गेल्या. ओळख मात्र त्यांची पक्की होती. कधी येतं, कधी जातं, हे त्यांनी न विचारता सांगितलं. टेकडीवर रोज फिरणाऱ्या माझ्यासारख्या शेकडो माणसांना तेवढंही माहीत नसतं.

हे पान म्हणजे नेचा आहे, फर्न. शास्त्रीय नाव ऑफिओग्लॉसम. ग्रीक भाषेत 'ओफिस' म्हणजे साप आणि 'ग्लोसा' म्हणजे जीभ. पानाच्या कुशीतून बाहेर आलेली ती काडी पाहून युरोपातल्या लोकांना सापाची जीभ आठवली आणि लिनियसनं १७५३ साली तेच नाव कायम केलं. मराठीत रूढ नाव मला कुणाकडून ऐकायला मिळालेलं नाही, म्हणून या लेखापुरतं मी त्याला सर्पजिव्हा म्हणणार आहे.

नेचा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतं ते पिसासारखं, कातरकाम केल्यासारखं पान. फुलांच्या गुच्छात मागे खोचलेलं, महाबळेश्वरच्या रस्त्याकडेला दरडीवर झुलणारं. पुण्याच्या परिसरातही पावसाळ्यात असे नेचे पुष्कळ. सिंहगडाच्या वाटेवर खडकाच्या फटीत छोट्या पंख्यासारखी उघडणारी मयूरशिखा असते. जुन्या दगडी भिंतींवर, विहिरींच्या आतल्या अंगाला काळ्या तकतकीत देठाचा हंसराज असतो. पानाच्या पाठीवर पांढरी पूड असलेला एक नेचा आहे. तो हातावर दाबला की मनगटावर पानाची पांढरी नक्षी उमटते. शाळेच्या सहलीत हा खेळ न खेळलेलं मूल विरळा.

या सगळ्यांमध्ये दोन खुणा समान असतात. एक म्हणजे कोवळं पान घड्याळाच्या स्प्रिंगसारखं गुंडाळलेलं असतं आणि उलगडत मोठं होतं. दुसरी म्हणजे पान उलटं केलं की पाठीवर तपकिरी ठिपक्यांच्या किंवा रेघांच्या रांगा दिसतात. नेच्याला फूल नाही, फळ नाही, बी नाही. या ठिपक्यांमध्ये बीजाणू असतात, डोळ्यांना न दिसणारे एकपेशीय कण, आणि वंश त्यांच्यावर चालतो.

सर्पजिव्हेत या दोन्ही खुणा नाहीत. तिचं पान गुंडाळलेलं येत नाही. ते मिटलेल्या स्थितीत सरळ जमिनीतून वर निघतं आणि पसरतं. ते चिरलेलं, फाटलेलं, पिसासारखं नसतं. अखंड असतं. उजेडाकडे धरून भिंगातून पाहिलं तर शिरांचं जाळं दिसतं. बहुतेक नेच्यांच्या शिरा दुभंगत दुभंगत कडेपर्यंत सुट्या जातात. इथे त्या एकमेकींना मिळून मच्छीमाराच्या जाळ्यासारखी घरं तयार करतात. पानाच्या पाठीवर ठिपका तर औषधालाही सापडत नाही. साहजिकच गवतात बसलेलं हे पान कुठल्याही रानकांद्याचं किंवा भुईवर उगवणाऱ्या आमरीचं बाळपान वाटतं आणि माणूस ओलांडून जातो. मी स्वतः कित्येक वर्षं ओलांडून गेलो आहे. वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या एका बाईंनी मला पहिल्यांदा हात धरून खाली बसवलं आणि म्हणाल्या, "उभ्यानं टेकडी दिसते, झाडं दिसतात. हे बसल्याशिवाय दिसायचं नाही."

बीजाणू कुठे आहेत मग? ते त्या काडीवर आहेत. दहापट मोठं दाखवणारं साधं भिंग घ्या आणि काडीचा शेंडा त्याच्यासमोर धरा. जॅकेटच्या चेनचे दात दोन्ही बाजूंनी एकमेकांत बसावेत तशा दोन ओळींत गोल, फुगीर कोठड्या दिसतात. त्या काडीच्या मांसल अंगात निम्म्या रुतलेल्या असतात. या बीजाणुधान्या. कोवळेपणी हिरव्या, पिकल्यावर पिवळसर. उघडीप मिळून हवा कोरडी झाली की प्रत्येक कोठडी आडवी चिरते, अगदी थोडंसं तोंड उघडल्यासारखी, आणि आतून फिकट पीठ बाहेर पडतं. पिकलेल्या काडीला बोट लावलं तर बोटावर ते पीठ चिकटतं.

त्या पिठाचा हिशेब थक्क करणारा आहे. हंसराजासारख्या नेहमीच्या नेच्याची बीजाणुधानी नाजूक असते. तिची भिंत एका पेशीएवढी जाड आणि आत साधारण ६४ बीजाणू. सर्पजिव्हेची कोठडी जाड, अनेक थरांच्या भिंतीची असते आणि एकेका कोठडीत पंधरा हजारांपर्यंत बीजाणू मोजले गेले आहेत. एका काडीवर चाळीस कोठड्या आणि प्रत्येकीत पाच हजारच धरले, तरी करंगळीएवढ्या पानाचं हे पीक दोन लाखांवर जातं. जाड भिंतीची ही बीजाणुधानी फार जुनी रचना समजली जाते. नेच्यांच्या कुळात ज्या शाखा फार लवकर वेगळ्या झाल्या, त्यांच्यापैकी एकीत सर्पजिव्हेचं घराणं येतं.

पण या वनस्पतीची खरी गोष्ट जमिनीच्या वर नाहीच.

नेच्याच्या आयुष्यात दोन पिढ्या आलटून पालटून येतात. आपण ज्याला नेचा म्हणतो ती एक पिढी. तिचे बीजाणू ओल्या जागी रुजतात आणि त्यांतून थेट नेचा उगवत नाही. त्यातून उगवते एक चिमुकली हिरवी चकती, बहुधा हृदयाच्या आकाराची, नखापेक्षाही लहान. तिच्या पोटाशी नर आणि मादी अवयव असतात. पावसाच्या पाण्याच्या पातळ थरातून नरपेशी पोहत जाऊन अंडपेशीला मिळते आणि तिथून नवा नेचा वाढू लागतो. ओल्या भिंतींवर शेवाळात या चकत्या शोधल्या तर सापडतात.

सर्पजिव्हेची ही मधली पिढी कुणाच्या नजरेस पडत नाही, कारण ती जमिनीखाली असते. बीजाणू पावसाच्या पाण्याबरोबर मातीत झिरपतात आणि रुजण्यासाठी त्यांना अंधारच लागतो. रुजल्यावर तयार होते एक पांढुरकी, मांसल, गाठीसारखी किंवा बारीक मुळीच्या तुकड्यासारखी वस्तू. हिरवेपणाचा तिच्यात लवलेश नाही, म्हणजे उन्हावर अन्न करण्याची सोय नाही. मातीतल्या एका प्रकारच्या बुरशीचे धागे तिच्या पेशींत शिरतात आणि तिला पोसतात. ती बुरशी ते अन्न दुसऱ्या कुठल्या तरी हिरव्या झाडाच्या मुळांतून आणते. म्हणजे टेकडीवरच्या गवतानं उन्हात बनवलेली साखर बुरशीच्या धाग्यांवरून या गाठीपर्यंत पोचते. गाठीवर गर्भ धरतो, त्याला मूळ फुटतं, आणि तेही काही काळ पान न फुटता मातीतच वाढतं. तोवर सगळं जेवण बुरशीच्याच घरचं.

मग एखाद्या पावसाळ्यात पान वर येतं. त्यानंतर देण्याघेण्याचा व्यवहार बदलतो का, हा प्रश्न अनेक वर्षं अनिर्णित होता. ब्रिटनमधल्या संशोधकांनी २०१५ मध्ये तिथल्या सर्पजिव्हेवर खुणेचा कार्बन आणि खुणेचा नायट्रोजन वापरून तो मोजला. पान असलेली वनस्पती बुरशीला साखर देत होती आणि बुरशीकडून नायट्रोजन घेत होती. वाण्याकडे खातं ठेवून आधी उधारीवर खायचं आणि हातात पैसा आला की चुकतं करत जायचं, असा हा संसार. मला या वनस्पतीबद्दल ठाऊक असलेल्या गोष्टींमध्ये ही सर्वांत जवळची वाटते.

तिची मुळंही या बुरशीच्या भरवशावरच घडलेली आहेत. एरवी मूळ म्हटलं की फाटे आणि त्यांवर मऊ मूलरोम. सर्पजिव्हेची मुळं जाड, मांसल, बिनफाट्याची आणि मूलरोम अजिबात नसलेली. पाणी, क्षार शोधत बारीक फटींतून हिंडण्याचं काम बुरशीचे धागे करतात. शिवाय अनेक जातींमध्ये आडव्या पसरलेल्या मुळावर मध्येच एखादा कोंब धरतो आणि तिथून नवं पान वर येतं. हातभर जागेत मी मोजलेली अठरा पानं म्हणजे अठरा वेगळी रोपटी होती की एकाच जाळ्याचे शेंडे, हे उकरल्याशिवाय सांगता येणार नाही. उकरायचा मोह मी आवरला.

आता या वनस्पतीच्या नावावर असलेला जगातला विक्रम. तो भारतात नोंदला गेला.

सजीवाच्या प्रत्येक पेशीच्या केंद्रकात गुणसूत्रं असतात. माणसात ४६, म्हणजे २३ जोड्या. कांद्यात १६, भातात २४, ज्वारीत २०, गव्हात ४२. ऑस्ट्रेलियात एक मुंगी आहे, तिच्या मादीत फक्त २ आणि नरात तर एकच. हे झालं एक टोक. दुसरं टोक म्हणजे ऑफिओग्लॉसम रेटिक्युलेटम, वारज्याच्या टेकडीवरच्या पानाची सख्खी बहीण. तिच्यात १२६० गुणसूत्रं आहेत, ६३० जोड्या. काही ठिकाणच्या रोपांमध्ये तर आकडा १४४० च्या आसपास गेलेला आहे. एवढी गुणसूत्रं दुसऱ्या कुठल्याही प्राण्यात किंवा वनस्पतीत सापडलेली नाहीत.

त्रिवेंद्रमच्या ए. अब्राहम आणि सी. ए. निनान यांनी १९५४ मध्ये 'करंट सायन्स' या नियतकालिकात रेटिक्युलेटमच्या या अफाट गुणसूत्रसंख्येची पहिली बातमी दिली. ते काम कसं होतं हे समजून घेण्यासारखं आहे. कोवळ्या काडीतल्या बीजाणुधान्या अगदी नेमक्या दिवशी खुडाव्या लागतात, आतल्या पेशी बीजाणू बनवण्यासाठी विभागत असतात तेव्हा. एक दिवस उशीर झाला तर गुणसूत्रं पुन्हा केंद्रकात विरघळल्यासारखी होतात. मग त्या पेशी काचेवर ठेवायच्या, तांबडा रंग द्यायचा, वर पातळ काच ठेवून अंगठ्यानं असं दाबायचं की पेशी फुटू नये पण पसरावी. नीट साधलं तर सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रांच्या जोड्या विस्कटून पडलेल्या मोहरीसारख्या दिसतात. त्या एकेक मोजायच्या. सहाशेच्या वर. एकमेकांवर चढलेल्या चालत नाहीत, काचेच्या कडेला गेलेली सुटून चालत नाही. मोजायला बसलेल्या माणसाच्या मानेची आणि डोळ्यांची कल्पना करून मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटतो. त्याआधी चारच वर्षं, १९५० मध्ये, इंग्लंडमधल्या लीड्स विद्यापीठाच्या आयरीन मँटन यांनी नेच्यांच्या गुणसूत्रांवरचा त्यांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला होता. तेव्हापासून नेच्यांची गुणसूत्रं मोजण्याला जगभर वेग आला होता. मान्सूनमध्ये दारात उगवणारी वनस्पती घेऊन भारतीय अभ्यासकांनी त्या मोजणीत सर्वांत वरचा आकडा टाकला.

एवढी गुणसूत्रं कशाला, हा प्रश्न ऐकणारा प्रत्येक जण विचारतो. त्याच्या मागे आपला एक समज असतो की जास्त गुणसूत्रं म्हणजे जास्त गुंतागुंतीचा जीव. तसं काही नाही. एकाच पानाची ही साधी वनस्पती आपल्यापेक्षा सत्तावीसपट गुणसूत्रं बाळगून आहे. घडतं असं की पेशी विभागताना कधी कधी चूक होते आणि गुणसूत्रांचा अख्खा संच दुप्पट होतो. प्राण्यांमध्ये अशी चूक बहुतेक वेळा जीवावर बेतते. वनस्पती ती पचवतात. आपल्या जेवणातला गहू हा तीन वेगवेगळ्या गवतांचे संच एकत्र येऊन झालेला आहे. सर्पजिव्हेच्या कुळात अशी भर पुन्हा पुन्हा पडली आणि जुने संच फारसे टाकून दिले गेले नाहीत. आश्चर्य आकड्याचं जेवढं आहे, त्याहून जास्त शिस्तीचं आहे. बीजाणू तयार होताना या सहाशेतीस जोड्या आपापला जोडीदार शोधतात, समोरासमोर येतात आणि बरोबर निम्म्या निम्म्या वाटल्या जातात. लग्नाच्या मांडवात सहाशेतीस जोडपी एका वेळी उभी केली तर किती गोंधळ होईल! इथे तो होत नाही, निदान वंश अडेल इतका होत नाही.

हे संच टिकून का राहिले याबद्दल एक तर्क मांडला जातो, आणि तो पुन्हा जमिनीखाली नेतो. भुईतल्या गाठीवर नर आणि मादी दोन्ही अवयव असतात. मातीत पोहून पोहून नरपेशी किती लांब जाणार? बहुतेक वेळा ती त्याच गाठीवरच्या अंडपेशीला मिळते. असं झालं की जन्मणाऱ्या रोपात आई आणि बाप यांच्याकडून आलेला वारसा शब्दशः एकच असतो, विविधता संपते. अशा वेळी एकाच वारशाच्या अनेक जादा प्रती जवळ असल्या, तर प्रतींमध्ये हळूहळू फरक पडत जातात आणि थोडी विविधता घरातल्या घरात शिल्लक राहते. तर्क म्हणून मला तो पटतो.

या घराण्याचे जवळचे नातलगही असेच अवाढव्य वारसा सांभाळणारे निघाले आहेत. सर्पजिव्हेची सर्वांत जवळची भावकी म्हणजे सायलोटम आणि टमेसिप्टेरिस या दोन वंशांची. दिसायला त्यांचा आणि या पानाचा काहीएक संबंध लागत नाही. सायलोटम तर बिनपानाच्या हिरव्या काड्यांचा झाडूच. पण २०२४ मध्ये न्यू कॅलेडोनिया बेटावरच्या एका टमेसिप्टेरिसचा जनुकसंच मोजला गेला तेव्हा तो कुठल्याही सजीवात मोजलेल्या संचांमध्ये सर्वांत मोठा ठरला, १६० अब्ज अक्षरांचा, माणसाच्या पन्नासपट. गुणसूत्रांच्या संख्येचा विक्रम एका घरात आणि त्यांच्या लांबीचा विक्रम शेजारच्या घरात.

आता आपल्या टेकडीवरच्या पानाकडे परत येऊ. मधोमध फिकट पट्टा, बुडाशी मातीत गोल कंद, उघड्या माळावर गवतात वस्ती, या खुणांवरून ते ऑफिओग्लॉसम कॉस्टेटम. त्याची गुणसूत्रं २४०. बहिणीच्या मानानं कमी, माणसाच्या मानानं पाचपट. या जातीला नाव दिलं रॉबर्ट ब्राउन यांनी १८१० मध्ये, ऑस्ट्रेलियातून आणलेल्या नमुन्यांवरून. पाण्यातल्या कणांची सतत चाललेली थरथर ज्यांच्या नावानं ओळखली जाते तेच हे ब्राउन. पुढे १८३१ मध्ये आमरीच्या पेशींत सगळीकडे दिसणाऱ्या गोल ठिपक्याला त्यांनीच 'न्यूक्लियस' म्हटलं, आपल्या भाषेत केंद्रक. ज्याच्या आत गुणसूत्रं असतात, ते केंद्रक. त्यांना १८१० मध्ये कुणी सांगितलं असतं की आज नाव देतोस त्याच पानाची बहीण उद्या केंद्रकाच्या पोटातला सर्वांत मोठा आकडा घेऊन येणार आहे, तर... पण ब्राउन काय म्हणाले असते याची कल्पना करण्यापेक्षा त्यांचे नमुने कुठून आले होते याकडे मला लक्ष वेधायचं आहे. ऑस्ट्रेलियातल्या नमुन्यांवरून नाव मिळालेलं पान पुण्यात उगवतं, आफ्रिकेतल्या गवताळ माळांवरही उगवतं. बीजाणू धुळीपेक्षा हलके, वाऱ्यावर समुद्र ओलांडतात. आणि स्वतःशीच फलन होत असल्यामुळे दुसऱ्या किनाऱ्यावर एकच बीजाणू पडला तरी वसाहत उभी राहू शकते. जोडीदार शोधावा लागत नाही. फक्त ती बुरशी तिथे असावी लागते. भुईतल्या ज्या एकटेपणानं वारशातली विविधता घालवली, त्यानंच जग मोकळं करून दिलं.

पुण्याचं या वनस्पतीशी जुनं नातं आहे आणि ते विसरलं जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. मुंबई इलाख्यातल्या नेच्यांवरचं 'द फर्न्स ऑफ बॉम्बे' हे पुस्तक फादर एथेलबर्ट ब्लॅटर आणि जे. एफ. डी'आल्मेडा यांनी १९२२ मध्ये लिहिलं. पश्चिम महाराष्ट्रात नेचे ओळखायला निघालेल्या पुढच्या पिढ्यांच्या पिशवीत ते असे. नंतर पुणे विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्रमुख राहिलेले प्राध्यापक त्र्यं. शं. महाबळे यांनी नेचे आणि त्यांच्या नातलगांवर आयुष्यभर काम केलं. भारतातल्या ऑफिओग्लॉसमच्या जाती, त्यांचं वर्गीकरण आणि त्यांची वंशपरंपरा यांवरचा त्यांचा लेख १९६२ मध्ये भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पत्रिकेत आला. एवढ्याशा, पावसात येऊन पावसात जाणाऱ्या पानाच्या जाती वेगळ्या करणं किती अवघड आहे, हे दोन वाळलेले नमुने शेजारी ठेवून पाहिलं की कळतं. पानाचा आकार पावसावर बदलतो, उंची मातीच्या खोलीवर बदलते. खात्री द्यायची तर बीजाणूंच्या सालीवरची नक्षी पाहावी लागते, आणि कंद कसा आहे हे पाहावं लागतं.

नवीन जाती अजूनही सापडत आहेत. नाशिक जिल्ह्याला लागून असलेल्या डांगच्या जंगलातून २०१८ मध्ये ऑफिओग्लॉसम माल्वी नावाची जात जगासमोर आली. तिची पूर्ण वाढलेली उंची एक ते सव्वा सेंटिमीटर. जमिनीवर वाढणाऱ्या नेचावर्गीय वनस्पतींत जगात सर्वांत लहान. सह्याद्रीत, जिथे शेकडो वर्षं माणसं हिंडली, गुरं चरली, तिथे ती होतीच.

वारज्याची टेकडी अलीकडे देशभर माहीत झाली ती तिच्यावर वाढवलेल्या झाडांमुळे. साधारण १७ हेक्टर उजाड जागेवर वन विभाग, संस्था आणि नागरिक यांनी मिळून वन उभं केलं. ५ जून २०२० या पर्यावरण दिनी केंद्रीय मंत्री प्रकाश जावडेकर यांनी पाच वर्षांत देशात २०० नगर वनं उभारण्याची योजना जाहीर केली, तेव्हा वारज्याचं वन त्यासाठी आदर्श म्हणून दाखवलं गेलं. उन्हाळ्यात तिथल्या सावलीत बसून मी त्या लोकांचे आभार मानले आहेत. भोवतीच्या इमारतींना श्वास घ्यायला जागा ठेवली त्यांनी.

तरी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. पुण्याच्या टेकड्यांबद्दल बोलताना आपण 'ओसाड', 'बोडकी', 'उजाड' हे शब्द सहज वापरतो, आणि ते एप्रिल महिन्यातले शब्द आहेत. त्याच मुरमाड उतारावर जुलैत जाऊन बसलं तर कुसळीच्या गवतात काळी मुसळी, भुईआमऱ्या, रानकांदे, हंसराजाची पोरं आणि ही सर्पजिव्हा असा संसार मांडलेला असतो. त्याला पातळ माती लागते, उघडं ऊन लागतं, गवताच्या मुळांशी बांधलेली बुरशी लागते. दाट सावली त्याला सोसत नाही. ग्लिरिसिडियासारखी झपाट्यानं वाढणारी झाडं एकदा दाटली की त्यांच्या खाली हा संसार उठतो. खड्डा घेताना, चर खणताना कंद उलटे होऊन उन्हात पडतात. कुणी मुद्दाम करत नाही. वैशाखात खणणाऱ्या माणसाला तिथे काही दिसतच नाही, कारण तेव्हा ते सगळं वीतभर खाली झोपलेलं असतं. झाडं लावावीतच. पण प्रत्येक टेकडीवर गवताचा एखादा उतार गवताचाच राहू द्यावा, आणि कुठला राहू द्यायचा हे ठरवायला जुलैत कुणीतरी गुडघे टेकून यावं. उन्हाळ्यात त्या उताराला वणवा लागला तर कंद वाचतो, पण वरचं बुरशीचं आणि कुजक्या पाल्याचं आवरण दरवर्षी जळत राहिलं तर किती दिवस वाचेल याची मला काळजी वाटते.

मी पाहिलेली अठरा पानं ऑगस्टच्या शेवटी पिवळी पडू लागली. आधी काडी वाळली, तिच्या दोन्ही बाजूंच्या कोठड्या तोंड उघडून रिकाम्या झाल्या. मग पान कडेनं तपकिरी होत गेलं. त्यातला फिकट पट्टा शेवटपर्यंत उठून दिसत होता. गणपतीनंतर गेलो तेव्हा कुसळीचं गवत कमरेला लागत होतं आणि त्याखाली काही शोधण्यात अर्थ नव्हता. जागा चुकू नये म्हणून मी जवळच्या मोठ्या दगडापासून पावलं मोजून ठेवली. उताराच्या दिशेनं सात, मग डावीकडे तीन. पुढच्या वर्षी जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पहिला मोठा पाऊस झाला. त्यानंतर दहाव्या दिवशी सकाळी सात पावलं उतरलो, डावीकडे तीन चाललो आणि बसलो. मिनिटभर काहीच दिसलं नाही. मग दोन खड्यांच्या फटीत, अजून मिटलेलं, बाळाच्या नखाएवढं पान दिसलं.